नागपूर ते नॅशव्हिल : अहिंसेचे शिक्षक जेम्स लॉसन

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा उल्लेख झाला की मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांचे नाव प्रथम पुढे येते. मात्र या लढ्यातील तरुणांना मार खाऊनही हात न उचलण्याचे रीतसर शिक्षण ज्यांनी दिले, ते रेव्हरंड जेम्स मॉरिस लॉसन (धाकटे) महाराष्ट्रात फारसे परिचित नाहीत. वास्तविक लॉसन यांनी ऐन तारुण्यातील तीन वर्षे नागपुरात काढली. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी येथे केला आणि मायदेशी परतल्यावर अमेरिकेच्या दक्षिण भागातील वर्णभेदाविरुद्ध त्याचा पद्धतशीर वापर केला.

लॉसन यांचे ९ जून २०२४ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले. अहिंसा म्हणजे केवळ सद्भावना नव्हे, ती शिकावी लागते, तिचा सराव करावा लागतो आणि तिची आखणीही करावी लागते, हा त्यांच्या आयुष्यभराच्या कार्याचा गाभा होता.

आईचा प्रश्न

लॉसन यांचा जन्म २२ सप्टेंबर १९२८ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील युनियनटाउन येथे झाला. ओहायो राज्यातील मॅसिलॉन या गावी ते वाढले. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते, तर आई मूळची जमैकाची. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे संस्कार दोघांकडूनही मिळाले; मार्ग मात्र वेगळे होते. वडील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी संघटना बांधत आणि स्वसंरक्षणासाठी जवळ पिस्तूल बाळगीत. आईचा मात्र कोणत्याही हिंसेला विरोध होता.

प्राथमिक शाळेत असताना घडलेला एक प्रसंग लॉसन पुढे अनेकदा सांगत असत. रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारीतील एका लहान गोऱ्या मुलाने त्यांना वर्णवाचक शिवी दिली. लॉसन यांनी मोटारीजवळ जाऊन त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन हा पराक्रम आईला सांगितला. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या आईने पाठ न वळवताच विचारले, की त्या मारण्याने काय साधले? याहून चांगला मार्ग असलाच पाहिजे, असेही तिने समजावले. यापुढे रागाच्या भरात कोणावर हात उगारायचा नाही, असा निश्चय आपण त्याच दिवशी केला, असे लॉसन सांगत.

लष्करभरतीला नकार

ओहायोतील बाल्डविन-वॉलेस महाविद्यालयात शिकत असताना लॉसन यांचा संबंध ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांततावादी संघटनेशी आला. ए. जे. मस्टी हे या संघटनेचे त्या काळातील प्रमुख नेते होते. गांधीजींच्या विचारांचे लॉसन यांचे वाचनही याच काळात वाढले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना गांधीजी त्यापूर्वीच परिचित झाले होते. कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी १९३६ मध्ये बारडोली येथे गांधीजींची भेट घेतली होती. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित कृष्णवर्णीयांच्या द्वारेच जगाला मिळेल, अशी अपेक्षा गांधीजींनी त्या वेळी व्यक्त केली होती. कृष्णलाल श्रीधराणी यांचे सत्याग्रहाच्या तंत्राचे विवेचन करणारे इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि तेथील शांततावादी कार्यकर्त्यांनी त्याचा अभ्यास केला. लॉसन या वातावरणात घडले.

कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीची नोटीस आली तेव्हा त्यांची कसोटी लागली. विद्यार्थी किंवा भावी धर्मोपदेशक या नात्याने त्यांना कायदेशीर सवलत मिळू शकली असती. परंतु सवलत मागणे म्हणजे सक्ती मान्य करणे होय, अशी भूमिका घेऊन त्यांनी सहकार्यच नाकारले. १९५१ मध्ये त्यांना तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्यांपैकी सुमारे १३ महिने शिक्षा भोगल्यावर १९५२ मध्ये त्यांची पॅरोलवर सुटका झाली. बाहेर आल्यावर त्यांनी राहिलेली पदवी पूर्ण केली आणि भारतात जाण्याची संधी स्वीकारली.

नागपुरातील तीन वर्षे

१९५३ मध्ये लॉसन मेथडिस्ट चर्चच्या वतीने नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात दाखल झाले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ १८८३ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय विदर्भातील जुन्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते. लॉसन यांच्याकडे विद्यार्थ्यांमधील कामाबरोबरच क्रीडा प्रशिक्षकाचीही जबाबदारी होती.

सत्याग्रह शिकू पाहणाऱ्यासाठी हे शहर सोयीचे होते. १९२० च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले ते नागपूरच्या अधिवेशनात. १९२३ चा झेंडा सत्याग्रहही येथेच झाला. १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य असलेले सेवाग्राम जवळच, वर्धा जिल्ह्यात. गांधीजींच्या हत्येला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास भोगलेली माणसे समाजात वावरत होती. स्वातंत्र्यलढा हा लॉसन यांच्यासाठी केवळ पुस्तकातील इतिहास राहिला नाही.

या वास्तव्यात त्यांना सत्याग्रहाची कार्यपद्धती विशेष महत्त्वाची वाटली. अन्यायाची नेमकी माहिती गोळा करणे, प्रतिपक्षाशी बोलणी करणे, कार्यकर्त्यांची तयारी करून घेणे, त्यानंतरच प्रत्यक्ष कृतीत उतरणे आणि कृतीचे परिणाम स्वखुशीने भोगणे, हा क्रम त्यांनी नीट समजून घेतला. ख्रिस्ताची शत्रुप्रेमाची शिकवण आणि गांधीजींचे सत्याग्रहाचे तंत्र यांत त्यांना विरोध दिसला नाही. किंबहुना पहिल्या गोष्टीला व्यवहारात उतरवण्याचा मार्ग दुसरीत आहे, असे त्यांचे मत बनले.

डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतील एक बातमी ‘नागपूर टाइम्स’ या इंग्रजी दैनिकातून त्यांच्यापर्यंत पोहोचली. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला असून किंग नावाचा तरुण धर्मोपदेशक त्यांचे नेतृत्व करीत आहे, असे ते वृत्त होते. आपण ज्याची वाट पाहत होतो ते मायदेशात सुरू झाले, या आनंदात आपण उड्या मारल्या आणि टाळ्या वाजवल्या, अशी आठवण लॉसन सांगत. १९५६ मध्ये ते अमेरिकेला परतले.

किंग यांची भेट

परतल्यावर लॉसन यांनी ओहायोतील ओबर्लिन येथे धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. ६ फेब्रुवारी १९५७ रोजी किंग व्याख्यानासाठी तेथे आले. दोघेही तेव्हा २८ वर्षांचे होते. भोजनाच्या वेळी झालेल्या गप्पांत लॉसन यांनी भारतातील वास्तव्याची हकिगत सांगितली. शिक्षण संपल्यावर आपण दक्षिणेत येऊन काम करू इच्छितो, असे ते म्हणाले तेव्हा किंग यांनी थांबू नका, आताच या, असा आग्रह धरला. अहिंसक लढ्याचा इतका अभ्यास असलेला माणूस दक्षिणेत आपल्याकडे नाही, असे त्यांनी सांगितले. किंग यांचा स्वतःचा भारत दौरा त्यानंतर दोन वर्षांनी, १९५९ मध्ये झाला.

लॉसन यांनी ओबर्लिन सोडले. ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’चे दक्षिण विभागाचे क्षेत्रसचिव म्हणून १९५८ मध्ये ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात आले आणि तेथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात त्यांनी प्रवेश घेतला.

तळघरातील शिबिरे

नॅशव्हिल हे दक्षिणेतील तुलनेने सौम्य शहर समजले जाई. तरीही तेथे कृष्णवर्णीयांची पावलोपावली अवहेलना होत असे. शहराच्या मध्यभागातील मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय ग्राहक कपडे, भांडी, वह्या विकत घेऊ शकत. परंतु त्याच दुकानातील लंच काउंटरवर बसून चहा-कॉफी घेण्यास त्यांना मज्जाव होता. शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला होता. या काउंटरवर मात्र त्याचा परिणाम झाला नव्हता.

स्थानिक धर्मोपदेशक केली मिलर स्मिथ यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘नॅशव्हिल ख्रिश्चन लीडरशिप कौन्सिल’च्या वतीने लॉसन यांनी अहिंसेची शिबिरे सुरू केली. फिस्क विद्यापीठाजवळच्या क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात १९५९ च्या शरद ऋतूपासून दर आठवड्याला विद्यार्थी जमू लागले. डायेन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल, मॅरियन बॅरी ही पुढे देशभर गाजलेली नावे या वर्गातील होत. वयाने मोठे असलेले धर्मोपदेशक सी. टी. व्हिव्हियन हेही त्यांत सहभागी होते.

शिबिराचा एक भाग अभ्यासाचा असे. ख्रिस्ताची शिकवण, गांधीजींचे सत्याग्रह, थोरो यांचा सविनय कायदेभंगाचा विचार आणि माँटगोमेरीचा ताजा अनुभव यांवर चर्चा होई. दुसरा भाग सरावाचा असे आणि तो पाहणाऱ्याला हादरवणारा होता. काही विद्यार्थी खुर्च्या मांडून लंच काउंटरवर बसल्यासारखे बसत. इतर विद्यार्थी गोऱ्या गुंडांची भूमिका घेत. ते बसलेल्यांना शिव्या देत, त्यांच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, त्यांना ढकलून खुर्चीवरून खाली पाडत. मार पडू लागला तर डोके कसे झाकायचे, शेजारच्या सहकाऱ्यावर हल्ला झाला तर आपले शरीर मध्ये घालून त्याला कसे वाचवायचे, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसे पाहायचे, हे सारे पुन्हा पुन्हा करून घेतले जाई. ज्याला हे जमणार नाही असे वाटेल त्याने काउंटरवर न बसता इतर काम करावे, अशी मुभा होती.

या तालमीमागे स्पष्ट हिशेब होता. माणूस प्रथमच मार खातो तेव्हा भीतीने पळतो किंवा रागाने उलटून मारतो. दोन्ही गोष्टी आंदोलनाला घातक ठरतात. म्हणून पहिला अपमान आणि पहिला धक्का मित्रांकडून, तळघरात अनुभवावा, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगी मन ताब्यात राहते.

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये विद्यार्थ्यांच्या छोट्या तुकड्यांनी दोन मोठ्या दुकानांत जाऊन चाचणी घेतली. सेवा नाकारली गेली, तेव्हा व्यवस्थापकांशी सभ्यपणे बोलून ते परत आले. अन्यायाची नोंद झाली होती आणि बोलणीचा मार्ग वापरून झाला होता.

नॅशव्हिलचे ठिय्या आंदोलन

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी लंच काउंटरवर ठिय्या दिला आणि त्याचे लोण दक्षिणेत पसरू लागले. नॅशव्हिलची तयारी त्यापूर्वीच झालेली होती. १३ फेब्रुवारी रोजी नीटनेटक्या पोशाखातील १२४ विद्यार्थी शहरातील तीन दुकानांत शांतपणे शिरले, किरकोळ खरेदी केली आणि काउंटरवर बसले. सेवा नाकारली गेली तरी ते तासन् तास पुस्तके वाचत बसून राहिले.

दोन आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीला, गोऱ्या तरुणांच्या जमावाने बसलेल्या विद्यार्थ्यांवर हल्ला केला. त्यांना मारहाण झाली, त्यांच्या अंगावर पेटत्या सिगारेटी विझवल्या गेल्या. पोलिसांनी हल्लेखोरांना सोडून सुमारे ८० विद्यार्थ्यांना अटक केली. पण एक गट बाहेर काढला की दुसरा गट येऊन त्या जागी बसत होता. न्यायालयाने दंड ठोठावला तेव्हा विद्यार्थ्यांनी दंड भरण्याऐवजी तुरुंगात जाणे पसंत केले.

विद्यार्थ्यांसाठी आचारसंहिताही तयार करण्यात आली होती. उलटून मारू नये, शिवीला शिवी देऊ नये, काउंटरकडे तोंड करून ताठ बसावे, जमावाशी सौजन्याने वागावे, असे साधे नियम तीत होते. लॉसन यांनी स्वतः हे नियम पाळल्याचा एक प्रसंग अमेरिकी पत्रकार डेव्हिड हॅल्बरस्टॅम यांनी ‘द चिल्ड्रन’ या पुस्तकात नोंदवला आहे. आंदोलनाच्या काळात एक गोरा तरुण लॉसन यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी शांतपणे त्याच्याकडेच रुमाल मागितला. गोंधळलेल्या तरुणाने तो दिलाही. तोंड पुसून रुमाल परत करताना लॉसन यांनी त्याला मोटारसायकल आहे का, असे विचारले आणि दोघांचे मोटारसायकलविषयी बोलणे सुरू झाले. तेवढ्या अवधीत संकटात सापडलेला एक आंदोलक निसटू शकला.

विद्यापीठातून हकालपट्टी

आंदोलनाचे सूत्रधार म्हणून लॉसन यांच्यावर स्थानिक दैनिक ‘नॅशव्हिल बॅनर’ने टीकेची झोड उठवली. या दैनिकाचे प्रकाशक जेम्स स्टॅलमन हे व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळातील वजनदार सदस्य होते. ३ मार्च १९६० रोजी विद्यापीठाने लॉसन यांची हकालपट्टी केली आणि दुसऱ्याच दिवशी चर्चमधून त्यांना अटक झाली. पदवी मिळण्यास तेव्हा काही महिनेच उरले होते.

या कारवाईचे पडसाद देशभर उमटले. धर्मशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांनी लॉसन यांच्या जामिनाची व्यवस्था केली आणि निषेधार्थ त्यांच्यापैकी अनेकांनी राजीनामे दिले. अखेर विद्यापीठाने तडजोडीची तयारी दाखवली. परंतु लॉसन यांनी बोस्टन विद्यापीठातून पदवी पूर्ण केली.

महापौरांची कबुली

दरम्यान कृष्णवर्णीय नागरिकांनी ईस्टरच्या ऐन हंगामात मध्यवर्ती बाजारपेठेतील खरेदीवर बहिष्कार घातला. नव्या कपड्यांची विक्री याच दिवसांत होत असल्याने दुकानदारांना मोठा फटका बसला.

१९ एप्रिल १९६० रोजी पहाटे, विद्यार्थ्यांचा खटला लढवणारे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकण्यात आले. घराची मोडतोड झाली; लूबी दांपत्य बचावले. त्याच दिवशी हजारो लोकांनी शहरातून नगर सभागृहापर्यंत मूक मोर्चा काढला. सभागृहाच्या पायऱ्यांवर डायेन नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना थेट विचारले, की केवळ वर्णामुळे माणसामाणसांत भेद करणे त्यांना योग्य वाटते काय? महापौरांनी ते योग्य नसल्याचे मान्य केले आणि लंच काउंटर सर्वांना खुले व्हावेत, असे मत दिले.

१० मे १९६० रोजी शहरातील सहा मोठ्या दुकानांच्या लंच काउंटरवर कृष्णवर्णीय ग्राहकांना प्रथमच सन्मानाने सेवा मिळाली. त्याआधी, स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलला आलेल्या किंग यांनी आपण प्रेरणा देण्यासाठी नव्हे, तर घेण्यासाठी आलो आहोत, असे सांगून या आंदोलनाच्या शिस्तीचा गौरव केला होता.

विद्यार्थी संघटना आणि ‘फ्रीडम राइड’

एप्रिल १९६० मध्ये ज्येष्ठ कार्यकर्त्या एला बेकर यांच्या पुढाकाराने नॉर्थ कॅरोलायनातील रॅली येथे विद्यार्थी आंदोलकांची परिषद झाली. तीतून ‘स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी’ ही संघटना उभी राहिली. परिषदेतील प्रमुख भाषण लॉसन यांचे होते आणि संघटनेच्या उद्दिष्टांचा मसुदाही त्यांनीच तयार केला. न्यायालयीन लढ्यावर भिस्त ठेवणाऱ्या ‘एनएएसीपी’ या जुन्या संघटनेवर त्यांनी या वेळी कठोर टीका केली. ती त्या संघटनेच्या नेत्यांना झोंबली.

मे १९६१ मध्ये आंतरराज्य बसगाड्यांतील वर्णविभाजनाविरुद्ध ‘फ्रीडम राइड’ सुरू झाली. १४ मे रोजी अलाबामातील ॲनिस्टनजवळ जमावाने एक बस पेटवून दिली, तर बर्मिंगहॅममध्ये प्रवाशांना बेदम मारहाण झाली. मोहीम गुंडाळली जाण्याची चिन्हे दिसू लागली. हिंसेपुढे माघार घेतली तर हिंसा हाच उपाय ठरेल, अशी भूमिका घेऊन डायेन नॅश यांनी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांची नवी तुकडी पाठवली. २४ मे रोजी माँटगोमेरीहून मिसिसिपीतील जॅक्सनकडे निघालेल्या पहिल्या बसमध्ये लॉसन स्वतः होते. जॅक्सनला उतरताच सर्वांना अटक झाली. अखेर त्याच वर्षी आंतरराज्य बस स्थानकांवरील विभाजन बंद करण्याचे आदेश केंद्रीय यंत्रणेला काढावे लागले.

मेम्फिस, १९६८

१९६२ मध्ये लॉसन टेनेसीतील मेम्फिस शहरातील सेंटिनरी मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक झाले. तेथे त्यांना आयुष्यातील सर्वांत कठीण लढा द्यावा लागला.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर या दोन कृष्णवर्णीय सफाई कामगारांचा कचरा दाबणाऱ्या गाडीच्या यंत्रात चिरडून मृत्यू झाला. तुटपुंजे वेतन, धोकादायक वाहने आणि अधिकाऱ्यांची अरेरावी यांना कंटाळलेले सुमारे १,३०० कामगार १२ फेब्रुवारीपासून संपावर गेले. महापौर हेन्री लोएब यांनी कामगार संघटनेला मान्यता देण्यास ठाम नकार दिला. २३ फेब्रुवारीच्या मोर्चावर पोलिसांनी डोळ्यांची आग करणारा रासायनिक फवारा मारला. त्यातून धर्मोपदेशकही सुटले नाहीत. त्यानंतर स्थापन झालेल्या नागरिकांच्या समितीचे अध्यक्षपद लॉसन यांच्याकडे आले.

वर्णभेदाचे मूळ माणसाला माणूस न मानण्यात आहे, अशी मांडणी लॉसन यांनी संपाच्या सभांमधून केली. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात अडकवून चालणारे सफाई कामगार हे या संपाचे जगप्रसिद्ध दृश्य ठरले.

लॉसन यांच्या निमंत्रणावरून किंग १८ मार्च रोजी मेम्फिसला आले आणि प्रचंड सभेत बोलले. २८ मार्चच्या मोर्चात मात्र मागच्या बाजूच्या काही तरुणांनी दुकानांच्या काचा फोडण्यास सुरुवात केली. मोर्चाला शिस्त लावणाऱ्या स्वयंसेवकांची तयारी अपुरी पडली. लॉसन यांनी ध्वनिक्षेपकावरून मोर्चा मागे वळवला. पोलीस कारवाईत लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा गोळी लागून ठार झाला. नॅशव्हिलमध्ये तयारीवाचून एकही पाऊल न टाकणाऱ्या लॉसन यांच्यासाठी हा दिवस क्लेशदायक होता. किंग यांच्यावरही देशभर टीका झाली आणि शांततापूर्ण मोर्चा काढून दाखवण्यासाठी ते मेम्फिसला परत आले.

३ एप्रिलच्या रात्री केलेल्या आपल्या अखेरच्या भाषणात किंग यांनी लॉसन यांचा नावानिशी गौरव केला आणि लढ्यासाठी त्यांना विद्यापीठातून काढण्यात आल्याची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिल १९६८ रोजी, लॉरेन मोटेलच्या सज्जात किंग यांची गोळी झाडून हत्या झाली. त्या रात्री लॉसन यांनी रेडिओवरून शहराला शांततेचे आवाहन केले. १६ एप्रिल रोजी तडजोड होऊन कामगार संघटनेला मान्यता मिळाली.

लॉस एंजेलिसमधील कार्य

१९७४ मध्ये लॉसन लॉस एंजेलिसमधील होल्मन मेथडिस्ट चर्चमध्ये रुजू झाले आणि १९९९ मध्ये तेथून निवृत्त झाले. येथे त्यांनी हॉटेल कामगार, इमारतींतील सफाई कामगार आणि स्थलांतरित मजूर यांच्या संघटनांना अहिंसक लढ्याचे शिक्षण दिले. अल्पवेतनावर माणसे राबवणाऱ्या अर्थव्यवस्थेला ते ‘मळ्यांची भांडवलशाही’ म्हणत. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी कापसाच्या मळ्यातील मालकी वृत्ती संपली नाही, असा त्याचा आशय होता. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांनाही त्यांनी चर्चमध्ये राहून जाहीर पाठिंबा दिला. वृद्धापकाळातही त्यांची शिबिरे सुरू होती.

मतभेद आणि टीका

लॉसन यांचा मार्ग सर्वांना मान्य होता असे नाही. ज्या विद्यार्थी संघटनेची उद्दिष्टे त्यांनी लिहिली, त्याच संघटनेत १९६६ मध्ये जॉन लुईस यांच्या जागी स्टोकली कारमायकेल अध्यक्ष झाले आणि ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा पुढे आली. मार खाण्याची जबाबदारी नेहमी पीडितांनीच का घ्यावी, हा या तरुणांचा प्रश्न होता. अहिंसा म्हणजे सोसणे नव्हे. सहकार्य काढून घेऊन अन्यायाची यंत्रणा बंद पाडणे होय, असे लॉसन यांचे म्हणणे होते. नॅशव्हिलच्या दुकानदारांना सद्विचाराइतकीच बहिष्काराचीही भाषा समजली होती, याचा त्यांना विसर पडला नव्हता.

किंग यांच्या हत्येबद्दल शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याच्याशी त्यांनी ठेवलेला संबंध अनेकांना खटकला. लॉसन त्याला तुरुंगात भेटत, १९७८ मध्ये त्याचा विवाह त्यांनी लावला आणि १९९८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रार्थनाही चालवली. रे हा खरा मारेकरी नव्हता, असे लॉसन मानत. किंग यांच्या कुटुंबीयांचेही तेच मत होते. अमेरिकी न्याय खात्याने मात्र २००० मधील अहवालात कटाच्या आरोपांना विश्वसनीय पुरावा नसल्याचे म्हटले.

वारसा

लॉसन यांचे मोठेपण त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून मोजावे लागते. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांच्या मोर्चांची आखणी करणारे बेव्हल, ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठ्या झेलणारे आणि पुढे १९८७ ते २०२० अशी ३३ वर्षे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य राहिलेले लुईस, राजधानी वॉशिंग्टनचे महापौर झालेले बॅरी हे सारे त्या तळघरातून बाहेर पडले. लुईस, व्हिव्हियन आणि नॅश यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान लाभला. जुलै २०२० मध्ये लुईस यांच्या अंत्यविधीच्या वेळी ९१ वर्षांच्या लॉसन यांनी आपल्या शिष्याला निरोप दिला.

ज्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना घालवून दिले, त्यानेच २००६ मध्ये त्यांना सन्मानाने अध्यापनासाठी बोलावले. त्यांची कागदपत्रे आज त्याच विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि अहिंसक चळवळींच्या अभ्यासासाठी तेथे त्यांच्या नावाची संस्थाही स्थापन झाली. लॉस एंजेलिसमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कामगार केंद्राच्या इमारतीला २०२१ मध्ये, तर नॅशव्हिलमधील नव्या माध्यमिक शाळेला २०२३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

सैनिकाला युद्धापूर्वी वर्षानुवर्षे कवायत करावी लागते, हे सर्वांना मान्य असते. सत्याग्रहीला मात्र केवळ सदिच्छेवर मैदानात उतरवले जाते. लॉसन यांनी ही उणीव ओळखली. नागपुरात शिकलेले सत्याग्रहाचे तंत्र त्यांनी नॅशव्हिलच्या तळघरात अभ्यासक्रमात बसवले आणि विशीतल्या मुलामुलींच्या हाती दिले. मेम्फिसमध्ये ती तयारी कमी पडली तेव्हा काय होते, हेही त्यांनी पाहिले. त्यामुळेच आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यांनी भाषणांपेक्षा शिबिरांना अधिक महत्त्व दिले.

जीवनपट

* २२ सप्टेंबर १९२८ : युनियनटाउन, पेनसिल्व्हेनिया येथे जन्म
* १९५१ : लष्करभरतीस नकार दिल्याने तुरुंगवास
* १९५३ ते १९५६ : नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात वास्तव्य
* १९५७ : ओबर्लिन येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट
* १९५९ : डोरोथी वूड यांच्याशी विवाह
* १९६० : नॅशव्हिलचे ठिय्या आंदोलन, व्हँडरबिल्ट विद्यापीठातून हकालपट्टी
* १९६१ : ‘फ्रीडम राइड’मध्ये सहभाग व जॅक्सन येथे अटक
* १९६८ : मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपात नागरिक समितीचे नेतृत्व
* १९७४ ते १९९९ : लॉस एंजेलिसच्या होल्मन मेथडिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक
* २००६ : व्हँडरबिल्ट विद्यापीठात अध्यापनासाठी पुनरागमन
* ९ जून २०२४ : लॉस एंजेलिस येथे निधन